"कोंबडीला चालतंय" म्हणून घेतलेला मका

माळरान_सिन्नर

मंडळी, नमस्कार. गेली काही वर्षं इथं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. जरा मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

सिन्नर तालुक्यात माझं ३,००० लेयर (अंडी देणाऱ्या) पक्ष्यांचं शेड आहे. पक्षी पिंजऱ्यात, खाद्य घरच्या घरी. छोटी हॅमर मिल आणि मिक्सर आहे. १०० किलो खाद्यात ५५ किलो मका, २४ किलो सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड), ९ किलो राइस ब्रान (तांदळाचा कोंडा), साडेनऊ किलो मार्बल ग्रिट (कवचासाठी संगमरवराची चुरी), बाकी डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसची भुकटी), मीठ, प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण). पक्षी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खातो, म्हणजे महिन्याला १० टन खाद्य लागतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त मकाच.

दिवाळीनंतर एका व्यापाऱ्यानं मका दाखवला. चालू भावापेक्षा क्विंटलमागे १५० रुपये कमी. म्हणाला, "जरा ओलसर आहे, पण कोंबडीला चालतंय." दाणा टपोरा, रंग पिवळाधमक, वास ठीक. मी ८ टन उतरवून घेतला. १२,००० रुपये वाचले असं त्या रात्री वहीत लिहून ठेवलंय, ते पान अजून आहे.

गोण्या शेडलगतच्या खोलीत लावल्या. खाली ताडपत्री, मागे भिंतीला टेकवून छताजवळपर्यंत थप्पी. तिसऱ्या आठवड्यात मधल्या गोणीत हात घातला तर आत ऊब होती. कुबट वास आणि काही दाण्यांच्या टोकाला हिरवट-पिवळी पूड. मी त्या गोण्या अंगणात पसरल्या, चार दिवस कडक ऊन दिलं, पाखडलं आणि दळायला घेतलं. बुरशी गेली असं मनापासून वाटलं होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून अंडी घसरायला लागली. ९१ टक्क्यांवरून ७८ वर. दिवसाला ३९० अंडी कमी. तुरे फिके पडले, कवच इतकं पातळ की ट्रेमध्ये ठेवतानाच तडा जायचा. त्यात राणीखेत रोगाची लस देऊनही टायटर (रक्तातली प्रतिकारशक्तीची पातळी) आलं नाही, आणि मरतूक रोज चार-पाच. एक पक्षी उघडून दाखवला तेव्हा यकृत हळदीसारखं पिवळं, बोट लावलं की फुटत होतं. मक्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला. अफ्लाटॉक्सिन बी-१ हे बुरशीचं विष ६२ पीपीबी (अब्ज भागांत ६२) आलं.

माझ्याकडे अजून ३ टन मका शिल्लक आहे. त्याचं काय करू? आणि ज्यांचं खाद्य वर्षानुवर्षं चांगलं राहिलंय त्यांनी मका घेताना, साठवताना नेमकं काय करता ते सांगा. गावात विचारलं की सगळे एकच बोलतात, टॉक्सिन बाइंडर (विष धरून ठेवणारी पूड) टाक.


पशुवैद्य_घाटमाथा

धागाकर्ते, आधी तातडीचं. तो उरलेला मका पक्ष्यांना घालू नका. चांगल्या मक्यात मिसळूनही नको.

उन्हात बुरशी मरते, पण तिनं आधीच दाण्यात सोडलेलं विष तिथंच राहतं. अफ्लाटॉक्सिन उष्णतेला दाद देत नाही. भाजा, उकळा, दळा, बरंचसं टिकतं. तुम्ही चार दिवस मेहनत घेतलीत त्यात दिसणारी बुरशी गेली, आणि त्यामुळे मका चांगला झाला असं वाटलं. शेतकऱ्यांकडून ही चूक सगळ्यात जास्त होते, ती तुमची एकट्याची नाही.

आता हिशेब बघा. कोंबडीखाद्यासाठी आयएस १३७४ हे भारतीय मानक आहे. त्यात बी-१ ची कमाल मर्यादा २० पीपीबी, म्हणजे किलोमागे २० मायक्रोग्रॅम. तुमच्या खाद्यात ५५ टक्के मका, मक्यात ६२. नुसत्या मक्यातूनच खाद्यात ३४ झाले. सोया, ब्रान यातून काय आलं ते वेगळंच.

हे विष यकृतावर बसतं. अंड्याच्या बलकातला मेद आणि प्रथिनं यकृतातच तयार होतात, म्हणून अंडी घटतात. मक्यातला पिवळा रंग नीट शोषला जात नाही, म्हणून तुरे, पाय, बलक फिके. आणि प्रतिकारशक्ती दबते, म्हणून लस लागू होत नाही. पुष्कळदा शेतकरी लसीला किंवा लस देणाऱ्याला दोष देतो आणि मूळ खाद्याच्या खोलीत असतं.

हे विष जगाला कळलं तेच कोंबडीवर्गातल्या पक्ष्यांमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्कीची पिल्लं पटापट मेली. कारण सापडेना, म्हणून रोगाचं नाव 'टर्की एक्स' ठेवलं. शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत या बुरशीचं विष सापडलं. आपल्याकडे तर १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात, बांसवाडा-पंचमहाल भागात, पावसात भिजून बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं काविळीनं दगावली. तीच बुरशी, तेच धान्य. "कोंबडीला चालतंय" म्हणणाऱ्याला हे सांगायला हवं.

तुमच्या पक्ष्यांसाठी: खाद्य आजच बदला, यकृताला आधार म्हणून कोलीन, मेथिओनिन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं द्या. लस लगेच पुन्हा देऊ नका. पक्षी सावरले की टायटर बघून ठरवा.


खिलार_जोडी

वाईट वाटलं वाचून. एक विचारतो, ३ टन म्हणजे बरेच पैसे आहेत. जनावरांना घालता येणार नाही का? रवंथ करणाऱ्याला या विषाचा त्रास कमी होतो असं ऐकलंय. आमच्याकडे खराब मका असाच गाईंकडे जातो.


पशुवैद्य_घाटमाथा

दादा, कृपा करून नको. गाय बाहेरून ठीक दिसेल, पण तिच्या शरीरात बी-१ चं एम-१ होतं आणि ते दुधात उतरतं, तेही एका दिवसाच्या आत. कोंबडीच्या अंड्यात या विषाचा फार थोडा अंश जातो. दुधात त्याहून कितीतरी जास्त जातो, आणि दूध लहान मुलं पितात. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभर दुधाची पाहणी केली. ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये एम-१ मर्यादेबाहेर होतं. मर्यादा लिटरमागे अर्धा मायक्रोग्रॅम इतकी बारीक आहे. ते आलं कुठून, तर चाऱ्यातून आणि पेंडीतून. दुधात पाणी घालतात म्हणून आपण ओरडतो, आणि हे आपणच हौदात घालतो.


खिलार_जोडी

हे माहीत नव्हतं. आमच्याकडे आत्ता दोन पोती तशीच आहेत. बंद करतो.


फीडमिल_२०_वर्षं

मी खाद्याच्या कारखान्यात कच्चा माल तपासायचं काम करतो. २० वर्षं झाली. धागाकर्त्यांनी वाचवलेल्या १२,००० रुपयांचा हिशेब आधी मांडतो.

तुमचा मका २० टक्के ओलाव्याचा असणार. साठवायला १४ च्या आत हवा, शक्यतो १३. २० टक्के ओलाव्याच्या १०० किलोमध्ये ८० किलो कोरडा मका असतो. तोच १४ टक्क्यांवर वाळवला की वजन भरतं ९३ किलो. म्हणजे क्विंटलमागे ७ किलो पाणी तुम्ही मक्याच्या भावानं घेतलंत. २,१५० चा भाव धरला तर ७ किलोचे १५० रुपये होतात. व्यापाऱ्यानं तुम्हाला सूट दिलेली नाही, फक्त पाण्याचे पैसे कमी केले. वाळवायची मजुरी आणि सगळी जोखीम तुमच्याकडे आली.

ओलावा मोजायचं यंत्र घ्या. तुमच्या आकाराच्या शेडला ते एका हंगामात वसूल होतं. नसेल तोवर मीठ-बाटली. काचेची कोरडी बाटली, पाव भाग मका, त्यात दोन-तीन चमचे कोरडं मीठ (तव्यावर गरम करून गार केलेलं). झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ च्या वर, मका परत. चिकटलं नाही तर १५ च्या आत, घ्यायला हरकत नाही, पण साठवायच्या आधी १४ च्या आत आणा. हा प्रयोग व्यापाऱ्यासमोर, गाडी उतरवायच्या आधी करायचा.

नमुना कसा घ्यायचा हे त्याहून महत्त्वाचं. विष सगळ्या गाडीत सारखं पसरलेलं नसतं. एका गोणीत काही नाही आणि शेजारच्या गोणीत मूठभर दाणे भयंकर, असं असतं. म्हणून वरच्या गोणीतला एक ओंजळ मका पाठवून 'अहवाल चांगला आला' म्हणण्यात अर्थ नाही. गाडीत दहा-बारा ठिकाणी, वर-मधे-तळाशी बंबू (गोणीतून दाणे काढायची पोकळ सळई) खुपसून काढा. पाचेक किलो होऊ द्या. सगळं एकत्र दळा, गोल ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. असं करत अर्धा किलोवर आणा आणि तो पाठवा. तुमचे ६२ आले ते कुठल्या पद्धतीनं आले माहीत नाही. खरा आकडा जास्तही असू शकतो.

बाइंडरबद्दल: मातीवर्गातले बाइंडर, बेंटोनाइट वगैरे, अफ्लाटॉक्सिन बऱ्यापैकी धरतात. टी-२ सारख्या दुसऱ्या बुरशीविषांवर त्यांचा फारसा उपयोग नाही. आणि एका मक्यावर एकाच प्रकारची बुरशी येते असं कुणी सांगितलं? पक्ष्यांच्या चोचीच्या कडेला, तोंडात फोड-व्रण दिसले तर टी-२ चा संशय घ्या. मूत्रपिंड सुजून पांढरं पडलेलं असेल तर ऑक्रा (ऑक्राटॉक्सिन, आणखी एक बुरशीविष). बाइंडर हा छत्रीसारखा, मुसळधार पावसात भिजायचं ते भिजतंच.


मका_कांदा_येवला

मी पक्ष्यांचा शेतकरी नाही, मक्याचा आहे. सगळे मक्याला नावं ठेवतायत म्हणून लिहितो, पण रागानं नाही.

आमच्याकडे मका काढायला येतो तो परतीच्या पावसाच्या तोंडावर. त्याच रानात लगेच कांदा लावायचा असतो. रोपं तयार असतात, मजूर ठरलेले असतात. कणसं खुडून ढीग घातला की मळणी यंत्रवाला ज्या दिवशी येईल त्या दिवशी मळायचं, मग दाण्यात २० ओलावा असो नाहीतर २४. वाळवायला खळं नाही. डांबरी रस्त्यावर पसरला तर गाड्यांची भीती, ताडपत्रीवर पसरला तर रात्री पाऊस.

आणि वाळवला तर मिळतं काय? मी एक वर्ष आठ दिवस वाळवून नेला. वजन घटलं ते माझं, भाव मिळाला तोच, शेजाऱ्याच्या ओल्या मक्याला मिळाला होता तो. दुसऱ्या वर्षी मी पण ओलाच नेला. खोटं कशाला बोलू.

त्यात २०१८ पासून लष्करी अळी आली. ती कणसात शिरते, दाणे कुरतडते, आणि तिथूनच बुरशीला वाट मिळते. म्हणजे विष गोदामातच तयार होतं असं नाही, उभ्या पिकातही सुरुवात होते.

गेली दोन वर्षं मी एक करतोय. दिवाळीपर्यंत कांद्याची चाळ रिकामी झालेली असते. उन्हाळ कांदा विकलेला असतो. मी कणसं न मळता चाळीत भरतो. चाळीला खालून-बाजूनं वारा लागतोच, कणसं दोन-अडीच महिन्यांत खडखडीत होतात. जानेवारीत मळतो तेव्हा दाणा दाताखाली कडक फुटतो. पण असा मका मागणारा मला भेटत नाही. बाजार समितीत त्याला वेगळा ढीग नाही.


माळरान_सिन्नर

येवलाकर दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी व्यापाऱ्यावर चिडलो होतो. त्याच्यामागे तुम्ही उभे आहात आणि तुम्हाला वाळवायचे पैसे द्यायला मी तयार नव्हतो, हे डोक्यात आलं नव्हतं. १५० रुपयांच्या लोभानं मीच ओला मका मागितला असं झालं.

तुमच्याकडे आत्ता किती आहे? संपर्कातून निरोप पाठवतो.


ब्रॉयलर_पेण

आमचं दुःख वेगळं. ५,००० पक्ष्यांचं शेड, करारावर. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड-वीज-मजुरी आमची. खाद्य आम्ही निवडत नाही, बघतसुद्धा नाही, ते येतं. मागच्या लॉटला रात्री अकराला गाडी आली, पाऊस सुरू, ताडपत्री फाटकी, सहा बॅगा भिजलेल्या. ड्रायव्हर म्हणाला, उतरवा नाहीतर परत नेतो, उद्याची गॅरंटी नाही. पक्षी उपाशी ठेवायचे का? उतरवून घेतल्या.

लॉट ४२ दिवसांनी उचलला. एफसीआर (किलोभर वजन वाढायला लागलेलं खाद्य) १.८२ बसला. शेजारच्या गावात त्याच आठवड्याच्या पिल्लांचा १.६४. माझ्या रिअरिंग चार्जमधून (पक्षी वाढवायच्या मोबदल्यातून) कपात. "तुमचं मॅनेजमेंट कमी पडलं" असं सांगितलं. असेल, माझंही काही चुकलं असेल. पण खाद्य तपासायचा हक्कच नाही तर मी सिद्ध काय करणार?


फीडमिल_२०_वर्षं

पेणकर, भिजलेली बॅग उतरवली तरी घालायची नाही. बाजूला ठेवून फोटो काढा, बॅगेवरची बॅच आणि तारीख दिसली पाहिजे, आणि त्याच रात्री सुपरवायझरला पाठवा. पोचपावतीवर "६ बॅगा भिजलेल्या" असं स्वतःच्या हातानं लिहून मग सही करा. ड्रायव्हरची सही शेजारी घ्या. आणि प्रत्येक गाडीतून, कोरडी असली तरी, पाच-सहा बॅगांतलं मिळून एक किलो खाद्य काढा, कोरड्या बंद डब्यात तारीख घालून लॉट उचलेपर्यंत ठेवा. मी कारखान्याच्या बाजूनं सांगतो, ज्या शेतकऱ्याकडे डबा असतो त्याच्याशी बोलताना आमची माणसं वेगळं बोलतात.

एक मात्र तुमच्याकडून हवं. गोळी खाद्य ८० अंशांच्या वर वाफेतून निघतं, साल्मोनेला वगैरे बहुतेक तिथं मरतात. पण ते थंड झाल्यावर पुन्हा खराब होऊ शकतं, आणि ते होतं तुमच्या शेडात. उंदराच्या लेंड्या, चिमण्या, फीडरच्या तळाशी चिकटलेला ओला थर, आणि पाणी. पक्षी खाद्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी पितो. बोअरचं पाणी तपासलंय का? शेवटच्या निपलपाशी (पक्षी पाणी पितो त्या नळीच्या तोंडापाशी) क्लोरीन ३ ते ५ पीपीएम मिळतं का? टाकीत टाकलं आणि लाइनमधल्या शेवाळानंच खाल्लं असं फार वेळा दिसतं. दोन लॉटच्या मधे लाइन हायड्रोजन पेरॉक्साइडनं धुवा.

जुन्या बारदानाबद्दलही सांगतो. एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर फिरलेल्या रिकाम्या गोण्या घेऊ नका. नवापुरात २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आला आणि २०२१ मध्ये पुन्हा. एका शेडातून दुसऱ्या शेडात रोग नेणाऱ्या गोष्टींत गोणी, चप्पल, गाडीचं चाक आणि अंड्यांचे ट्रे येतात.


ठाणेकर_आई

मी फक्त खाणारी. दोन मुलांना रोज अंडं देते. हे सगळं वाचून घाबरले, पण विचारते. ब्रॉयलरला हार्मोन देतात म्हणून लवकर वाढतात हे खरं का? आणि अँटिबायोटिक?


पशुवैद्य_घाटमाथा

ताई, हार्मोन नाही. वाढीचं हार्मोन प्रथिन असतं, खाद्यातून दिलं तर पोटात पचून जातं. सुईनं द्यायचं तर हजारो पक्ष्यांना रोज टोचावं लागेल, कुणाला परवडणार? पक्षी लवकर वाढतो तो पिढ्यान् पिढ्या निवड करून तयार केलेल्या जातीमुळे आणि नेमक्या खाद्यामुळे. मानकात ब्रॉयलरच्या पहिल्या खाद्यात २३ टक्के प्रथिन आणि किलोला ३,००० किलोकॅलरी लागतात. शेवटच्या खाद्यात प्रथिन २०, ऊर्जा ३,२००.

अँटिबायोटिकची काळजी मात्र रास्त आहे. २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं दिल्ली परिसरातले कोंबडीचे ७० नमुने तपासले, ४० टक्क्यांत अंश सापडले. जुलै २०१९ मध्ये सरकारनं कोलिस्टिन या औषधावर जनावरं, कोंबड्या आणि खाद्यासाठी बंदी आणली, कारण माणसाच्या अतिदक्षता विभागात ते शेवटचं हत्यार म्हणून राखलेलं असतं.

माझं मत विचाराल तर अँटिबायोटिकची गरज खराब खाद्य आणि खराब पाणी यातूनच उभी राहते. मका स्वच्छ, पाणी स्वच्छ, शेड कोरडं, तर पहिल्या आठवड्यापासून 'कोर्स' द्यायची वेळ येत नाही. अंडी जरूर द्या. तडा गेलेलं अंडं घेऊ नका आणि नीट शिजवून द्या.


ज्वारीची_भाकर

मी मंगळवेढ्याकडची. मोठं शेड नाही, दारात १४ गावरान कोंबड्या आहेत. अंडी विकून घरातलं तेल-मीठ येतं.

धाग्याचं नाव वाचून थांबले. आमच्याकडे पावसाळ्यात टोपलीतल्या शिळ्या भाकरीला हिरवट केसाळ बुरशी येते, ती आपण खात नाही, कोंबड्यांना टाकतो. शेंगा फोडताना काळे पडलेले, सुरकुतलेले, कडू दाणे बाजूला काढतो, तेही कोंबड्यांनाच. माझी सासू, तिची सासू असंच करत आल्या. गेल्या श्रावणात माझी तलंगं (वाढती पिल्लं) एकामागून एक सुकली, खायची पण अंगाला लागायचं नाही, सहा गेली. मी दृष्ट काढली. आता हे वाचून ते कडू दाणे डोळ्यांपुढे येतायत. डॉक्टरसाहेब, तसं असेल का?


पशुवैद्य_घाटमाथा

ताई, पक्षी न बघता नक्की सांगता येणार नाही, जंतही असू शकतात. पण काळा, कडू शेंगदाणा हा या विषाचा सगळ्यात मोठा साठा असतो. टर्कीची पिल्लं गेली तीही शेंगदाण्याच्या पेंडीनंच. आणि लहान पक्ष्याला मोठ्यापेक्षा फार कमी मात्रा पुरते. बदकं असतील तर त्यांना आणखी कमी. ते दाणे आणि बुरशीची भाकरी खड्ड्यात पुरा. शिळी भाकरी चालते, कडकडीत वाळवून ठेवा. ज्वारी, तांदळाची कणी, पालेभाजीचे देठ, शिंपल्याचा चुरा, आणि बाहेर फिरून खाल्लेले किडे, गावरानला एवढं उत्तम.


माळरान_सिन्नर

ताई, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवला. आईचंही तेच, जे माणसाला नको ते कोंबडीला. आणि मग कोंबडीचं आपल्याला. हे आपण इतकं सहज करतो की त्याचा विचारही होत नाही. मी शेड बांधलं, पिंजरे आणले, बँकेचं कर्ज काढलं, तरी मका घेताना डोक्यात तेच दारातलं गणित होतं.


फीडमिल_२०_वर्षं

मक्यावरच बोललो आपण, सोयाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण पैसा तिथं जास्त आणि भेसळही तिथं जास्त.

पिशवीवर "प्रथिन ४६ टक्के" लिहिलेलं असतं. प्रयोगशाळा प्रथिन थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि ६.२५ नं गुणते. युरियात नायट्रोजन ४६ टक्के. म्हणजे एक किलो युरिया कागदावर पावणेतीन किलोहून जास्त 'प्रथिन' होतो. कोंबडीला त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट अपाय. घरची चाचणी: दोन चमचे डीओसी कोमट पाण्यात, त्यात चिमूटभर कच्च्या सोयाबीनचं पीठ, झाकून वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज युरिया फोडतं आणि अमोनियाचा वास येतो, लाल लिटमस निळा होतो. दुसऱ्या वाटीत नुसतं कच्चं पीठ आणि पाणी ठेवा, म्हणजे तुलना होईल.

सोया नीट भाजलेलं नसेल तर त्यातला ट्रिप्सिन रोखणारा घटक पचन बिघडवतो, जास्त भाजलं तर लायसिन जळतं. रंग फिकट सोनेरी हवा. कच्च्या हिरवट वासाचं नको, तपकिरी जळकंही नको. सुकटीच्या कुटीत वाळू आणि मीठ बघा. चिमूटभर पाण्यात टाका, वाळू लगेच तळाला जाते. मीठ जास्त झालं की पातळ विष्ठा आणि ओलं लिटर (शेडात अंथरलेला भुसा). राइस ब्रानमध्ये चुनखडी मिसळतात, त्यावर संडास धुवायचं ॲसिड दोन थेंब टाका, फेस आला तर समजा.

आणि सध्या स्वस्त म्हणून मक्याचं डीडीजीएस (इथेनॉल काढून उरलेला वाळवलेला चोथा) येतंय, इथेनॉलच्या कारखान्यांतून. २०२३ च्या अखेरीस उसाच्या रसावर बंधनं आली, तेव्हापासून डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. तो मका आंबवताना स्टार्च जातो, बाकी सगळं मागे उरतं आणि मुरतं. प्रथिन साधारण तिप्पट होतं, तसं विषही तिप्पट. मक्यात १५ असेल तर डीडीजीएसमध्ये ४५ धरून चला. वापरू नका म्हणत नाही, पण तपासल्याशिवाय वापरू नका, आणि पिल्लांना तर नकोच.


माळरान_सिन्नर

महिनाभरानं लिहितोय, माफ करा.

३ टन मक्याला एका जणानं भाव काढला होता, कुठं जाणार ते सांगत नव्हता. नाही म्हटलं. बांधाच्या कडेला खड्डा घेऊन शेणाच्या थरांसोबत पुरला, वर माती. बायको शेजारी उभी होती, दोघंही काही बोललो नाही.

खाद्य बदलल्यावर अंडी लगेच वाढली नाहीत. पंधरा दिवस ७८-७९ वरच घुटमळत होती, मग हळूहळू ८५. कवच सुधारलं. मरतूक थांबली. पहिल्या ९१ वर बहुधा जाणार नाहीत, पक्ष्यांचं वयही वाढलं. नुसत्या अंड्यांचा हिशेब केला, ५ रुपयांनी, तर वाचवलेले १२,००० सात दिवसांतच गेले होते. पुढचे सगळे दिवस पदरचे.

खोलीत लाकडी फळ्या टाकल्या, जमिनीपासून वीतभर वर. थप्पी भिंतीपासून हात-दीड हात लांब, सात गोण्यांच्या वर नाही. आधी आलेली गोणी आधी, खडूनं तारीख. मिक्सरचा कोपरा आणि मिलची चाळणी दर आठवड्याला खरवडायची, तिथं इतका जुना भरडा निघाला की बघवेना. खाद्य आता आठवड्याला पुरेल इतकंच दळतो. कोलीन प्रीमिक्सच्या डब्यात एकत्र ठेवत होतो, ते ओल धरतं आणि जीवनसत्त्वं खराब करतं असं कळलं, वेगळं केलं.

आणि येवल्याच्या दादांशी बोलणं झालं. चाळीतला ५ टन मका, चालू भावावर क्विंटलमागे १०० रुपये जास्त, अट एकच, १३ टक्क्यांच्या आत. पुढच्या दिवाळीला त्यांच्या गावातले अजून तिघं चाळीत कणसं भरायला तयार आहेत, जर मी आणि सिन्नरचे दोन शेडवाले आत्ताच शब्द देत असू तर. आम्ही तिघांनी दिला.


मका_कांदा_येवला

सोमवारी मळणी आहे, मंगळवारी गाडी भरू. तुम्ही स्वतः या. यंत्र आणा, आणि मीठ-बाटली पण आणा, आमच्या पोरांना बघायचीय.